केमो, ट्रान्सप्लांट किंवा स्टेरॉइड चालू असताना नागीण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाईत असाल तर एवढंच वाचा. कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे, किंवा किडनी बदललीय, किंवा संधिवातासाठी इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, आणि अंगाच्या एकाच बाजूला आग होतेय किंवा पुटकुळ्यांचा पट्टा उठलाय, तर आजच तुमच्या डॉक्टरांच्या टीमला फोन करा. मंगळवारी ओपीडी आहेच, तेव्हा दाखवू, असं नको. बाकीचं निवांत वाचा. मी डॉक्टर नाही, आमच्या बाबांना मायलोमा (रक्ताचा एक कॅन्सर) आहे आणि त्यात नागीणही होऊन गेली, त्यामुळे ओळखीतले लोक हेच प्रश्न परत परत विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. डोस वगैरे जे लिहिलंय ते समजण्यासाठी, स्वतःहून सुरू करण्यासाठी नाही.

नागीण होते कशाने? कुणाची लागली म्हणायची?

कुणाचीच नाही. लहानपणी कांजण्या येऊन जातात पण तो व्हायरस शरीरातून जात नाही, पाठीच्या कण्याच्या बाजूला नसांच्या ज्या बारीक गाठी असतात त्यात तो गप पडून राहतो, चाळीस चाळीस वर्षं सुद्धा. आपल्या टी-सेल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला दाबून ठेवतात. वय झालं किंवा औषधांनी या पेशी कमी पडल्या की तो उठतो आणि त्या एकाच नसेच्या वाटेने कातडीपर्यंत येतो, म्हणून पट्टा उठतो आणि तोही एकाच बाजूला. हे कोडं नीट मांडलं ते होप-सिम्पसन नावाच्या इंग्लंडमधल्या एका जीपीने म्हणजे साध्या फॅमिली डॉक्टरने, १९६५ साली, स्वतःच्या गावातल्या पेशंटच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी बघून. मोठी लॅब नाही काही नाही, नुसत्या वह्या. मला हे फार भारी वाटतं.

आणि "मला कांजण्या आल्याच नव्हत्या" यावर फार भरवसा ठेवू नका. खूप जणांना अगदी बारीक येऊन गेलेल्या असतात, घरात कुणाला आठवत पण नाही.

सगळ्याच कॅन्सरमध्ये धोका सारखा असतो का?

नाही. रक्ताचे कॅन्सर सगळ्यात पुढे: लिम्फोमा, मायलोमा, ल्युकेमिया. कारण इथे आजारच त्या पेशींचा आहे ज्यांनी राखण करायची, आणि औषधंही त्यांच्यावरच मारा करतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालेल्यांना तर पहिलं वर्ष फार जपावं लागतं, दुसऱ्याची मॅरो घेतली असेल तर त्याहून जास्त काळ. ब्रेस्ट, फुप्फुस, आतडं असे गाठीचे कॅन्सर असतील तर धोका त्यामानाने कमी, पण केमो चालू असेपर्यंत आणि नंतरही काही काळ तो नेहमीपेक्षा वाढलेलाच असतो. नुसती टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनची गोळी चालू असेल तर तिने इम्युनिटी केमोसारखी खाली जात नाही.

औषधांपैकी एक नाव मुद्दाम लक्षात ठेवा, बोर्टेझोमिब. मायलोमात पोटावर जे इंजेक्शन देतात ते. याच्यावर असताना नागीण इतक्या जणांना होते की सोबत ऍसायक्लोव्हिरची गोळी देण्याची पद्धतच पडलीय. फ्लुडाराबिन, बेंडामस्टिन, आणि या सगळ्यासोबत जे स्टेरॉइड देतात ते डेक्सामेथासोन, हेही त्याच माळेतले मणी.

कॅन्सर नाहीये, पण दुसरी औषधं चालू आहेत. मग?

तरी वाचत राहा. किडनी किंवा लिव्हर ट्रान्सप्लांटनंतरचं टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट, संधिवातात देतात ते टोफासिटिनिब आणि त्याच्या जातीतली औषधं, ल्युपसमध्ये जास्त डोसचं स्टेरॉइड, आणि एचआयव्हीत सीडी-फोरचा आकडा (टी-सेलची एक मोजणी) खाली आलेला असेल तर, हे सगळे याच रांगेत. स्टेरॉइडचं ढोबळ गणित असं की प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि दोन आठवडे किंवा अधिक चालू, म्हणजे इम्युनिटी दाबलेली आहे असं डॉक्टर धरतात. दम्यासाठी आठवडाभर स्टेरॉइड घेतलेल्यांनी एवढं घाबरायचं कारण नाही.

सुरुवात कशी ओळखायची?

बहुतेक वेळा आधी दुखतं, मग दिसतं. दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त, एका पट्ट्यात आग, मुंग्या, मधूनच सुई टोचल्यासारखी चमक, आणि वर कातडीला हात लावला तर सहन होत नाही. छातीच्या डाव्या बाजूला असेल तर लोक ईसीजी काढून येतात, कंबरेला असेल तर मुतखडा समजून सोनोग्राफी होते. बाबांचं असंच झालं. बरगडीखाली दुखतंय म्हणाले, आम्हाला वाटलं मायलोमाचं हाडाचंच दुखणं असणार, आणि तिसऱ्या दिवशी सदरा काढताना आईला पाठीकडून पोटाकडे येणारे लाल ठिपके दिसले, त्यावर पाण्याने भरलेल्या मोहरीएवढ्या पुटकुळ्या, घोसाघोसाने. ते बरगडीपासून सदरा लांब धरून बसायचे, कापडाचा नुसता स्पर्श नको व्हायचा.

इम्युनिटी कमी असलेल्यांत चित्र वेगळं पण असू शकतं. पट्टा नीट नसतो, फोड विखुरलेले असतात, किंवा काळपट खोल जखमा होतात, नवीन फोड दोन दोन आठवडे येत राहतात. ट्रान्सप्लांटच्या काही पेशंटमध्ये आधी नुसतं पोटात भयंकर दुखतं आणि फोड नंतर येतात. म्हणून "पुस्तकात दाखवतात तसं दिसत नाहीये" म्हणून सोडून देऊ नका. शंका असेल तर फोडाच्या पाण्याची पीसीआर टेस्ट करून नक्की सांगता येतं.

विळखा पूर्ण झाला, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणतात, खरं का?

हा प्रश्न विचारला नाही असं मराठी घर नसेल. धडधाकट माणसात विळखा पूर्ण होतच नाही, कारण डाव्या बाजूची नस डाव्या बाजूलाच पोचते, मध्यरेषेपाशी पट्टा थांबतो. म्हणजे तिथे ही भीती बिनबुडाची. पण (आणि हा "पण" फक्त आपल्यासारख्या घरांसाठी) इम्युनिटी फारच खाली असेल तर फोड दोन्ही बाजूला, पट्ट्याच्या बाहेर, अंगभर येऊ शकतात. ते शेपूट जुळल्यामुळे नाही तर व्हायरस रक्तातून पसरल्यामुळे, आणि मग तो फुप्फुस, लिव्हर, मेंदू यांच्यापर्यंत जाऊ शकतो. तेव्हा फोड दुसऱ्या बाजूला किंवा दूर कुठेतरी दिसले तर रडारड करत बसायचं नाही, गाडी काढायची आणि हॉस्पिटल गाठायचं. शिरेतून औषध देऊन हे आवरता येतं.

७२ तासांच्या आत गोळी सुरू व्हायला हवी म्हणतात, आमचे पाच दिवस गेले. आता काय उपयोग?

उपयोग आहे, जा. ७२ तासांचा हिशोब मुख्यतः नॉर्मल इम्युनिटीच्या लोकांवरच्या अभ्यासांतून आलाय. कॅन्सर किंवा ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये नवीन फोड येत असतील, जुने सुकलेले नसतील, तर उशिरा का होईना औषध देतातच. लवकर ते चांगलंच, पण "वेळ गेली" म्हणून घरी बसणं हे सगळ्यात वाईट.

कोणती औषधं देतात?

तीन गोळ्या आहेत. ऍसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, व्हॅलासायक्लोव्हिर १००० मिलिग्रॅम तीन वेळा, किंवा फॅमसायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम तीन वेळा. साधारण सात दिवस, आपल्या पेशंटमध्ये बरेचदा सगळे फोड खपलीवर येईपर्यंत. पाच वेळाचं टाइमटेबल पाळताना माणूस मेटाकुटीला येतो, म्हणून परवडत असेल तर व्हॅलासायक्लोव्हिर बरं पडतं. ऍसायक्लोव्हिर स्वस्त आहे, जनऔषधीत बघा. आजार पसरलेला असेल, डोळा-कान-मेंदूचं काही असेल, किंवा नुकताच ट्रान्सप्लांट झालेला असेल तर ऍडमिट करून दर आठ तासांनी शिरेतून ऍसायक्लोव्हिर देतात.

किडनीचं मात्र आवर्जून सांगा. ही औषधं किडनीवाटे बाहेर जातात, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो, नाहीतर पेशंट बरळायला लागतो, भास होतात, आणि घरच्यांना वाटतं मेंदूत काहीतरी झालं. मायलोमावाल्यांची किडनी आधीच नाजूक असते. पाणी भरपूर द्यायचं, अर्थात डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर.

आणि दुखतंय म्हणून घरातली कॉम्बिफ्लाम किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्रावाची भीती, किडनीला त्रास वेगळाच. पॅरासिटामॉल चालते, पण केमोत असाल तर आधी थर्मामीटर लावा मग गोळी द्या. १००.४ च्या वर ताप असेल तर तो गोळीने झाकायचा नसतो, फोन करून कळवायचा असतो.

त्वचारोगवाल्या डॉक्टरांना केमोची फाईल दाखवायची गरज आहे का? ते तर वेगळं खातं.

गरज आहे, आणि का ते सांगते. १९९३ साली जपानमध्ये नागिणीसाठी सोरिव्हुडिन नावाची नवीन गोळी बाजारात आली. औषध नागिणीवर चांगलं होतं. पण ते शरीरात जाऊन फ्लुरोयुरॅसिल या केमोच्या औषधाची निचरा होण्याची वाटच बंद करत होतं, त्यामुळे नेहमीचाच डोस शरीरात साचून विष झाला आणि काही आठवड्यांतच पंधरा पेशंट दगावले, म्हणजे ज्यांना कॅन्सर आणि नागीण दोन्ही होतं नेमके तेच. ती गोळी बंद झाली, पण तिच्याच जातीची ब्रिव्हुडिन जर्मनी, इटली, स्पेन इथे आजही नागिणीवर मिळते. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे नाव लक्षात ठेवा: फ्लुरोयुरॅसिल किंवा कॅपेसिटाबिन (आतड्याच्या, ब्रेस्टच्या कॅन्सरमध्ये घरी घ्यायला देतात ती गोळी) चालू असेल किंवा नुकतीच संपली असेल तर ब्रिव्हुडिन अजिबात चालत नाही, दोन्हीत निदान चार आठवड्यांचं अंतर लागतं. ऍसायक्लोव्हिरच्या घराण्याला हा प्रॉब्लेम नाही. तरी पण फाईल, निदान डिस्चार्ज समरीचा फोटो, मोबाईलमध्ये ठेवा आणि जो कुणी डॉक्टर समोर असेल त्याच्यापुढे धरा.

गावाकडे एक जण नागीण उतरवतो, गेरू लावतो. नेऊ का? नुकसान तर नाही ना?

साध्या माणसाची नागीण दोन-चार आठवड्यांत आपोआप सुकते, त्यामुळे उतरवणाऱ्याला नेहमीच यश येतं. हे त्याचं खरं गुपित. केमोच्या पेशंटमध्ये नुकसान दोन प्रकारे: एक म्हणजे वेळ जातो, दुसरं म्हणजे उघड्या फोडांवर माती, राख, पाला, शेण असलं काही गेलं आणि पांढऱ्या पेशी कमी असतील तर जखमेत पू होऊन ते इन्फेक्शन रक्तात जायला वेळ लागत नाही. दूर्वा-तांदळाच्या लेपाचंही तेच. घरातल्या मोठ्यांचा फारच आग्रह असेल तर मंत्र म्हणू द्या, अंगारा दुरून कपाळाला लावू द्या, फोडांना हात नको आणि गोळी चुकवायची नाही. यावर भांडण करण्यात शक्ती घालवू नका, आम्ही घालवली.

फोडांसाठी साधं पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, वरून सैल सुती कापड. फोडायचे नाहीत. पथ्य म्हणाल तर नागिणीचं वेगळं असं काही नाही. वांगं बंद, अंडं बंद करून आधीच खंगलेल्या माणसाचं ताट रिकामं करू नका.

घरात लहान मूल आहे. त्याला होईल का?

नागीण होणार नाही, पण ज्याला कांजण्या झालेल्या नाहीत आणि लसही नाही त्याला फोडातल्या पाण्यातून कांजण्या होऊ शकतात. फोड झाकून ठेवा, हात धुवा, टॉवेल-चादर वेगळी, सगळ्या फोडांवर खपली धरली की विषय संपला. अंगभर पसरलेली नागीण असेल तर मात्र ती हवेतूनही पसरू शकते, तेव्हा हॉस्पिटलमध्ये वेगळ्या खोलीत ठेवतात.

खरी काळजी दुसरीकडे आहे. परळला टाटामध्ये ट्रीटमेंट चालू असताना बाहेरगावचे लोक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतात, एकाच छताखाली किती तरी केमोचे पेशंट, त्यात ल्युकेमियाची लहान मुलं. अशा ठिकाणी आपल्या पेशंटला नागीण झाली तर लपवू नका, व्यवस्थापकांना सांगा. हाकलून देतील या भीतीने लोक बोलत नाहीत आणि शेजारच्या कॉटवरच्या पोराला कांजण्या होतात, ज्या त्याच्यासाठी जिवावरच्या असू शकतात. उलट बाजूही तीच: तुमचा पेशंट केमोत असताना कांजण्या किंवा नागीण असलेल्याच्या जवळ आला, आणि त्याला कधी कांजण्या आल्या नसतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन किंवा ऍसायक्लोव्हिर देऊन बचाव करता येतो, इंजेक्शन दहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. गरोदर बायकांनाही हेच लागू.

नागीण झाली तर केमो थांबते का?

बरेचदा पुढचं सायकल, म्हणजे केमोची पुढची फेरी, खपल्या धरेपर्यंत पुढे ढकलतात, कधी स्टेरॉइडचा डोस बदलतात. हा निर्णय ऑन्कोचा, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचा. केमो चुकेल म्हणून नागीण लपवणारे लोक आहेत, फार आहेत.

रात्री दोन वाजता सुद्धा हॉस्पिटलला जावं असं काय?

कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड. नाकाचा शेंडा आणि डोळा यांची नस एकच, त्यामुळे शेंड्यावर फोड म्हणजे डोळ्याला धोका, नजर जाऊ शकते. कानात फोड आणि तोंड वाकडं होणं. मान ताठ, भयंकर डोकेदुखी, गोंधळल्यासारखं बोलणं. श्वास लागणं. ताप. लघवी अडणं. फोड अंगभर. यातलं एक जरी असलं तरी सकाळची वाट बघायची नाही.

फोड गेले, पण ठणका जात नाही. किती दिवस चालणार?

तीन महिन्यांच्या पुढे राहिला तर त्याला पोस्ट हर्पेटिक न्युराल्जिया म्हणतात, आणि हा नागिणीचा सगळ्यात चिवट भाग. वय जितकं जास्त आणि सुरुवातीचं दुखणं जितकं जोरात तितकी शक्यता जास्त. साधी वेदनाशामकं यावर चालत नाहीत, कारण दुखावलीय ती नस. गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन, लिडोकेनचे पॅच, यांनी फरक पडतो, पण डोस हळूहळू वाढवत न्यावा लागतो आणि सुरुवातीला झोप, चक्कर येते, बाथरूमला जाताना सोबत राहा. केमोने आधीच हातापायाला मुंग्या असतील तर तसं सांगा. मोठ्या हॉस्पिटलांत पेन क्लिनिक असतं, त्याची चिठ्ठी मागून घ्या, स्वतःहून कुणी देत नाही.

लस आहे ना? कॅन्सरवाल्यांना चालते का?

जुनी लस होती झोस्टाव्हॅक्स, ती जिवंत व्हायरसची, इम्युनिटी कमी असलेल्यांना चालायचीच नाही. म्हणजे ज्यांना सगळ्यात गरज त्यांनाच मनाई. अमेरिकेत ती २०२० मध्ये बंद झाली. आता जी आहे ती शिंग्रिक्स, २०१७ मध्ये अमेरिकेत आली आणि २०२३ मध्ये भारतात. यात जिवंत व्हायरस नाही, त्याचं एक प्रोटीन आणि इम्युनिटीला जागं करणारं एक मिश्रण आहे, ज्यातला एक घटक चिली देशातल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. अमेरिकेत २०२१ पासून अठरा वर्षांपुढच्या, इम्युनिटी कमी असलेल्या लोकांनाही ती देतात.

किती काम करते? पन्नाशीपुढच्या धडधाकट लोकांत मोठ्या ट्रायलमध्ये ९७ टक्के. स्वतःच्याच स्टेम सेलचा ट्रान्सप्लांट झालेल्यांत ६८ टक्के. म्हणजे कमी, पण इतक्या खचलेल्या इम्युनिटीत दोन तृतीयांश केसेस टळणं मला तरी लहान गोष्ट वाटत नाही.

दोन डोस, दंडात. एरवी दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, आपल्यासारख्यांत एक-दोन महिन्यांनीही देतात. वेळ महत्त्वाची: शक्य असेल तर ट्रीटमेंट सुरू होण्याआधी, नाहीतर दोन सायकलच्या मधे जिथे पेशी बऱ्या असतील तिथे. रिटुक्सिमॅब (लिम्फोमात देतात ते एक औषध) चालू असेल तर पुढच्या डोसच्या साधारण चार आठवडे आधी. प्लेटलेट बघूनच सुई टोचायची. एक-दोन दिवस हात दुखतो, कणकण येते, अंग मोडून येतं. आणि किंमत, एका डोसला दहा हजारांच्या वर. दोन डोसचा आकडा ऐकून घरात शांतता पसरते हे मला माहितीय, पण डॉक्टरांना विचारून तर ठेवा.

नातवाला कांजण्यांची लस द्यायचीय, घरात आजोबा केमोत आहेत. देऊ ना?

द्या, उलट द्यायलाच हवी. कांजण्यांची लस सरकारी मोफत यादीत नाही, त्यामुळे बरीच मुलं राहून जातात. ही जिवंत लस आहे म्हणून आजोबांना द्यायची नाही, पण नातवाला दिल्याने आजोबांना धोका अगदीच नगण्य. लसीनंतर मुलाच्या अंगावर पुरळ उठलं तर ते जाईपर्यंत दोघांना लांब ठेवा, बास.

बोर्टेझोमिबसोबत दिलेली ऍसायक्लोव्हिर बंद केली तर चालेल? गोळ्या फार झाल्यात.

गोळ्यांचा डबा उघडला की सगळ्यात आधी हीच गोळी बिनकामाची वाटते, कारण ती कुठल्या दुखण्यावर नसतेच, ती न होण्यासाठी असते. साधारणपणे ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते आणि बोर्टेझोमिब संपल्यावरही काही काळ चालू ठेवतात. ट्रान्सप्लांटनंतर वर्षभर तरी. स्वतः बंद करू नका. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी नवीन प्रिस्क्रिप्शन लिहिताना ती राहून तर गेली नाही ना, एवढं मात्र प्रत्येक वेळी तपासा.

उलट प्रश्न: नागीण झाली म्हणजे आत कुठे कॅन्सर लपलाय का?

नाही हो. नागीण होणाऱ्यांतल्या बहुतेकांना दुसरं काहीही नसतं, वय एवढंच कारण. त्यासाठी पेट स्कॅन (कॅन्सर शोधायचा अंगभराचा स्कॅन) करत सुटायची गरज नाही. तिशीतल्या माणसाला फार जोरात झाली, पसरली किंवा परत परत होतेय तर मात्र सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी, लाजायचं कारण नाही.

एकदा झाली की पुन्हा होत नाही ना?

होऊ शकते, आणि इम्युनिटी कमी असलेल्यांत ही शक्यता जास्त. म्हणून होऊन गेलेल्यांनीही लसीबद्दल विचारावं. फोड पूर्ण सुकले आणि तब्येत स्थिरावली की देता येते. बाबांचा पहिला डोस झालाय, दुसऱ्याची तारीख त्यांच्या ऑन्कोने पुढच्या सायकलचं शेड्यूल बघून दिलीय.